कलेक्टर व्हायचंय कुणाला?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय पर्यावरणशास्त्र, गुण 64 टक्के. तिला ‘विज्ञान आणि सरकारी धोरण’ असं काहीतरी शिकायचंय. शास्त्रज्ञांनी अहवाल द्यायचा, सरकारने राबवायचा; मध्ये तिसऱ्याचं काम काय? त्यापेक्षा कलेक्टर व्हावं. क्लास ठरवलाय. तिची समजूत कशी काढू? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : 64 टक्क्यांची मला काही चिंता वाटली नाही. वाटली ती शेवटच्या वाक्याची. निर्णय तुमचा झालाय, आता फक्त माझी सही हवीय. ती मिळणार नाही.

अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत उरकलंय, तेही ‘असं काहीतरी’ म्हणून. हे तिच्या डोक्यात कुठून आलं, विचारलंत? 2019 च्या महापुरात ती शाळेत असेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी; त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. ते बघितलेल्या पोरीला असे प्रश्न पडले तर त्यात नवल काय? एकदा तिच्याजवळ बसा आणि तेवढा वेळ तुम्ही कमी बोला.

आता तो ‘तिसरा’. पंचगंगेची पूररेषा घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथवर गणित. पण निळ्या रेषेच्या आत घर बांधू द्यायचं नाही, हे गणितातून निघत नाही. किती धोका पत्करायचा, हे माणसांनी ठरवायचं असतं. ज्याचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आत गेला त्याचं काय? भरपाई कुणी द्यायची? आणि ‘100 वर्षांतून एकदा’ म्हणजे आता शंभर वर्षं निवांत नव्हे, तर दरवर्षी एक टक्का शक्यता, हे गल्लीत बसून कोण समजावणार? पश्चिम घाटाचं बघा. तो कसा जपायचा, यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा. नंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन गटाने 2013 मध्ये घाटाचं सुमारे 37 टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील, म्हणजे खाणकामासारख्या गोष्टींवर बंधनं असलेलं, ठरवायला सांगितलं. 2014 पासून अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे निघाले. संशोधन कमी नव्हतं हो! जमीन जाईल या धास्तीत असलेल्या शेतकऱ्याशी, खाणवाल्याशी, मंत्रालयाशी त्याच आकड्यांवर बोलू शकणारी माणसं कमी होती. तुमची मुलगी त्यांतली होऊ पाहतेय.

कलेक्टर बहुतेक वेळा धोरण राबवतो, ठरवत नाही. आणि ज्याला स्वतःला व्हायचं नाही त्याने यूपीएससीत वर्षं घालवू नयेत, हे मी कुणालाही सांगतो.

मार्ग : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा; आयआयटी मुंबईच्या धोरण अभ्यास केंद्राची प्रवेशप्रक्रिया वेगळी, ती संकेतस्थळावर बघावी.

मुलीलाही एक ऐकवतो. या क्षेत्रात जागा थोड्या, सुरुवातीचा पगार बेताचा. संख्याशास्त्र कच्चं असेल तर या वर्षीच पक्कं कर. सुट्टीत शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या पूरग्रस्त गावात जा, ग्रामपंचायतीत बस, लोक पूररेषेबद्दल काय बोलतात ते लिहून आण. कंटाळा आला तर हा नाद सोड.

आणि क्लासची फी अजून भरली नसेल, तर भरू नका.