एसक्यूएल क्वेरी इंडेंट करताना टॅब वापरू की स्पेस?

डेटाबेसला विचाराल तर त्याला काही पडलेली नाही, टॅब, स्पेस, नवीन ओळ सगळं पार्सरला (क्वेरी वाचून समजून घेणारा भाग) सारखंच, स्पीडमध्ये काडीचा फरक नाही. तरी मी स्पेसच म्हणेन, ४.

कारण क्वेरी एका जागी राहत नाही ना. पायथन नाहीतर जावाच्या कोडमधून उचलायची, टर्मिनलमध्ये टाकायची, मग कुणाला तरी मेलवर पाठवायची, आणि टॅबची रुंदी एडिटरमध्ये ४ तर टर्मिनलवर बहुतेक ८, मग सिलेक्टखाली नीट लावलेले कॉलम कुठल्या कुठे जातात. त्यात पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसचं कमांड लाइन टूल) टॅब म्हणजे ऑटोकम्प्लीट, त्यामुळे जुन्या सेटअपवर टॅबवाली क्वेरी पेस्ट केली की ते मधेच सजेशन दाखवायला लागतं आणि क्वेरीची वाट लागते (मी यात अर्धा तास घालवलाय, चूक शोधत बसलो होतो क्वेरीत!). तसं झालंच तर क्वेरीची फाइल करून ती पीएसक्यूएलच्या बॅकस्लॅश आय कमांडने चालवा.

एक गंमत मात्र आहे, ओरॅकल डेटाबेस क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा बघून कॅशमधला प्लॅन (ती क्वेरी कशी चालवायची हे आधी ठरवून साठवलेलं) शोधतं, म्हणजे तीच क्वेरी एकीकडे टॅबने आणि दुसरीकडे स्पेसने लिहिली तर त्याच्या लेखी २ वेगळ्या क्वेरी. आणि कोट्सच्या आतला टॅब हा डेटा असतो हां, त्यामुळे सगळीकडे आंधळेपणाने रिप्लेस मारू नका.

टीम आधीच टॅब वापरत असेल तर गपचूप टॅब वापरा, भांडू नका. प्रोजेक्टमध्ये एडिटरकॉन्फिग फाइल ठेवा, म्हणजे सगळ्यांच्या एडिटरला इंडेंटची एकच सेटिंग मिळते.