संत्र्यांचं खोकं जरा बाजूला ठेव

अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रीसच्या राजपुत्राची बायको प्रिन्सेस ॲलिस, तिच्यावरचा तुझा खर्डा दोनदा वाचला. माहिती चोख आहे, पण सुरुवात सगळे करतात तिथूनच केलीस: १९२२, ग्रीसमधून हद्दपारी, ब्रिटिश युद्धनौका आणि संत्र्यांच्या खोक्यात निजवलेला तिचा दीड वर्षाचा मुलगा फिलिप, पुढे एलिझाबेथ राणीचा नवरा झाला तो. खोकं झकास आहे, मान्य. पण त्यापायी बाई पहिल्याच परिच्छेदात 'एलिझाबेथ राणीची सासू' होऊन बसते, ती शेवटपर्यंत उठतच नाही.

तिचं बहिरेपण मात्र तू एका ओळीत उरकलंस. मी तिथंच ठाण मांडलं असतं. १८८५ साली विंडसरच्या किल्ल्यात, पणजी व्हिक्टोरिया राणी हजर असताना जन्मलेल्या या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती ओठ वाचायला शिकली, इंग्रजीही आणि जर्मनही. माझी आजी ठार बहिरी होती. दिवे गेले की ती बोलणंच बंद करायची, कारण आमची तोंडं दिसेनाशी व्हायची. आता अशा बाईला १९१७ला स्वित्झर्लंड, मग परत ग्रीस, मग पॅरिसजवळचं सँ-क्लू असं हलवत नेलं, तर दर वेळी काय काय नव्यानं जुळवावं लागलं असेल? ते लिही.

'वेडी राजकन्या' हे उपशीर्षक आधी खोड. १९३०मध्ये स्किझोफ्रेनिया ठरवून तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामात ठेवलं. तिच्या बीजकोशांवर क्ष-किरण सोडा, असा सल्ला खुद्द मनोविश्लेषक फ्रॉइडनं दिला. ती स्वतः मात्र 'मी ठीक आहे' म्हणत राहिली. एवढं साधेपणानं सांगितलंस तरी वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

१९३७च्या विमान अपघातात मुलगी, जावई, दोन नातू गेले. त्यावर तू पानभर रडली आहेस. चार ओळी ठेव.

वाचवलेली जागा अथेन्सला दे. तिथं ती १९३८ला आपणहून परतली, आणि जर्मन आले तरी हलली नाही. जावई जर्मनीच्या बाजूचे, मुलगा ब्रिटिश नौदलात. १९४३पासून रेचेल कोहेन ही ज्यू विधवा आणि तिची मुलं ॲलिसनं घरात लपवली होती. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, प्रश्न विचारले, तेव्हा तिनं आपल्याला काही कळतच नाही असं सोंग घेतलं. जन्मभर ओठ वाचत आलेल्या बाईनं तेवढ्यापुरतं वाचायचं नाकारलं! पोरी, सुरुवात इथून कर.

१९६०ला राजकुमारी अमृत कौर यांच्या बोलावण्यावरून ती भारतात आली होती, ते एका वाक्यात सांग. आपल्याकडे असे धागे फार ताणतात. १९५३च्या राज्याभिषेकाला ती ननसारखा करडा झगा घालून गेली, तो फोटो मात्र हवाच.

येत्या रविवारी नवा खर्डा घेऊन ये. 'अभागी' हा शब्द सात वेळा आलाय. तेवढा गाळून आण.