दुरंगी निवडुंगाची पिल्ले

प्रश्न : माझ्या जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या हिरव्या निवडुंगावर लाल-पिवळे पट्टे आहेत, मात्र त्याला बाजूने फुटलेले एक पिल्लू पूर्ण लाल आणि दुसरे पूर्ण हिरवे आहे. दोन्ही वेगळी करून लावावीत काय?

उत्तर : लाल पिल्लू मातीत लावू नये. त्यात हरितद्रव्य जवळजवळ नसल्याने मूळ झाडापासून तोडताच त्याची उपासमार सुरू होते. म्हणून त्याचे कलम हायलोसेरियससारख्या जोमदार हिरव्या निवडुंगाच्या खुंटावर (मुळे असलेल्या खालच्या भागावर), दोन्ही कापांमधील पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची वर्तुळे निदान एका जागी एकमेकांना छेदतील अशा रीतीने करावे. जपानमध्ये १९४१ साली आढळलेली अशीच लाल रोपे आजवर कलमांच्या आधारेच जगत आली आहेत. हायलोसेरियसचा खुंट थंडीला नाजूक असतो आणि काही वर्षांत थकतो, तेव्हा पुन्हा कलम करण्याची तयारी ठेवावी.

हिरवे पिल्लू मात्र लवकर काढावे, कारण ते वेगाने वाढून मूळ झाडावर कुरघोडी करते. ते मातीत सहज रुजेल, पण त्यातून पट्टे परत येण्याची आशा फारशी नाही. पिल्लाला दोन्ही रंग बहुधा तेव्हाच मिळतात, जेव्हा ते हिरव्या आणि रंगीत पेशींच्या सीमेवरील काटेबिंदूतून, म्हणजे काटे उगवतात त्या ठिकाणातून, फुटते.

मूळ झाडाला सकाळचे कोवळे ऊन पुरे, कारण रंगीत भाग कडक उन्हात करपतो आणि तो डाग कायमचा राहतो. संग्राहकांना झगझगीत लाल गोळ्याचे आकर्षण असते खरे. मला विचाराल, तर प्रत्येक कण्यावर (खोडाच्या उभ्या उंचवट्यावर) हिरवा अंश राखून स्वतःच्या मुळांवर उभे राहिलेले आपले पट्टेदार झाडच अधिक मोलाचे वाटते.