शेठ म्हणतात ‘बसून मिटवू’, बसू का?

प्रश्न: मी जळगाव एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये सहा वर्षांपासून अकाउंट्स पाहते. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर टॅली दुसऱ्याकडे, मला गोडाऊनला पोत्यांच्या नोंदीवर टाकलं, ऑर्डर म्हणे मी रजेवर असतानाच निघाली. सगळ्यांना पगारवाढ, मला नाही, विचारलं तर ‘आता तुझं लक्ष घरी’. लेखी तक्रार दिली तेव्हापासून शेठ म्हणून राहिले की कोर्टकचेरी नको, नानांना मध्ये घेऊन मिटवू. घरचेही तेच म्हणतात. काय करू?

उत्तर: ताई, बसा, पण नानांसमोर नको. नाना शेठच्याच ओट्यावर चहा पिणारे असतील, ते निकाल सांगून मोकळे होतील आणि तुम्ही मान हलवून घरी. खरा मध्यस्थ निकाल देतच नाही, तो दोघांशी वेगवेगळं बोलतो आणि तुम्ही त्याला एकटीने सांगितलेलं तुम्ही हो म्हटल्याशिवाय शेठच्या कानावर जात नाही.

त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. केस न टाकताही तिथे अर्ज करता येतो आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो. मिलला नोटीस जाईल. शेठ आले नाहीत तर जबरदस्ती करता येत नाही, पण तुम्हालाही नाही, पटलं नाही तर उठून या, तक्रार तशीच उभी राहते.

आता त्या ऑर्डरची तारीख बघा, तोच तुमचा हुकमाचा एक्का. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची रजा हा हक्क आहे, शेठची मेहेरबानी नाही, आणि बाई त्या रजेवर असताना तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करणं कायद्यात बसत नाही. ऑर्डर, रजेचा अर्ज, जुन्या-नव्या पगाराच्या पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. आणि बसल्यावर नुसतं ‘मला न्याय पाहिजे’ म्हणू नका हो, बऱ्याच जणी इथेच फसतात, नेमकं सांगा: अकाउंट्सची जागा परत, पगारवाढ अमुक महिन्यापासून, फरक अमुक तारखेपर्यंत खात्यात.

एक जुना डाव असतो, लाखभर रुपये पुढे करायचे आणि खाली राजीनाम्याचा कागद सरकवायचा. त्याच दिवशी सही करू नका, वकिलाला दाखवा, कारण प्राधिकरणाच्या लोकअदालतीत तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकुमासारखीच असते, वर अपील नाही.

(शेठ किंवा कोणी अंगचटीला येत असेल तर मात्र रस्ता वेगळा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, 3 महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, समेट फक्त बाईने मागितला तरच, आणि तोही पैसे घेऊन नाही.)

बोलणी चालू आहेत म्हणून बाकी तक्रारींची मुदत थांबते असं धरून चालू नका. पहिल्याच भेटीत वकिलाकडून शेवटची तारीख लिहून घ्या.