वाचकांचे प्रश्न : कल्पना चावला यांच्या हातून उपग्रह निसटला का?

प्रश्न : माझी भाची खानापूर तालुक्यात मराठी शाळेत नववीला आहे. तिला कल्पना चावला यांच्यावर भाषण करायचंय. पहिल्याच मोहिमेत त्यांच्या हातून उपग्रह निसटला असं ऐकलं, ते खरं का? तिला याच क्षेत्रात जायचं तर आत्तापासून काय करावं? भाषणात दाखवता येईल असंही काही सुचवा. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : उपग्रह निसटला हे खरं, पण चौकशीत दोष त्यांच्यावर आला नाही. भाषणात हा प्रसंग जरूर घ्या.

१९ नोव्हेंबर १९९७ ला कोलंबिया यान उडालं. सूर्याचं प्रभामंडळ पाहणारा स्पार्टन हा उपग्रह यांत्रिक हातानं बाहेर सोडणं हे कल्पना यांचं काम. हा हात सुमारे १५ मीटर लांब, त्याला सहा सांधे : खांद्याला दोन, कोपराला एक, मनगटाला तीन. टोकाला पोकळ नळकांडं, त्यात तीन तारा. उपग्रहावरची दांडी आत आली की तारा पिळून तिच्याभोवती आवळतात.

२१ तारखेला सोडल्यावर स्पार्टननं आपणहून गिरकी घ्यायला हवी होती. ती घेतली नाही, म्हणजे तो नीट सुरूच झाला नव्हता. कल्पना यांनी तो परत धरू पाहिला. पकड घट्ट बसली नाही आणि हात मागे घेताना उपग्रह हळूहळू फिरू लागला. तिथं हवेचा अडथळा नाही, त्यामुळे मिळालेली गती आपोआप थांबत नाही. शेवटी २४ तारखेला विन्स्टन स्कॉट आणि ताकाओ दोई यांनी यानाबाहेर उभं राहून तेराशे किलोंच्या आसपासचा तो उपग्रह हातांनी धरला. सूर्याची निरीक्षणं मात्र राहून गेली. पुढं सॉफ्टवेअरच्या मांडणीत आणि अंतराळवीर व जमिनीवरचे नियंत्रक यांना आखून दिलेल्या कार्यपद्धतीत चुका सापडल्या. २००० साली नासानं कल्पना यांना दुसऱ्या मोहिमेसाठी निवडलं, यातच सगळं आलं. त्याच मोहिमेतून १ फेब्रुवारी २००३ ला परतताना कोलंबिया कोसळलं आणि त्यात त्या गेल्या. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळून भोक पडलं होतं. उतरताना तापलेली हवा तिथून आत शिरली.

आता भाचीचं. कल्पना यांनी १९८२ ला चंदीगडला एरोनॉटिकल इंजिनिअरिंग केलं, १९८८ ला कोलोरॅडोत पीएचडी आणि डिसेंबर १९९४ ला नासात निवड. म्हणजे पदवीनंतर बारा वर्षं. मधल्या काळात संशोधन, वैमानिकाचे परवाने आणि अमेरिकन नागरिकत्व. नासा अंतराळवीर म्हणून अमेरिकेचेच नागरिक घेते. आपल्याकडं गगनयानासाठी पहिले चौघं हवाई दलाचे टेस्ट पायलट निवडले गेले. त्या वाटेनं जायचं तर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आता मुलींनाही खुली. इंजिनिअरिंगकडून जायचं तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ तंत्रज्ञान शिकवणारी संस्था. तिथं जेईई अॅडव्हान्स्ड या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश. ती प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. म्हणून मराठी शाळेतल्या मुलीनं नववीपासूनच ‘संवेग’ म्हणजे मोमेंटम, ‘त्वरण’ म्हणजे अॅक्सिलरेशन, असे शब्द जोडीनं वहीत लिहावेत. समजलेलं मराठीतच समजू दे, घाई फक्त शब्दांची. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) सोडू नये, आणि सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या नादात बोर्डाकडं दुर्लक्ष नको. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकला दोन्हींचे गुण निम्मे निम्मे धरतात.

भाषणात दाखवायला यांत्रिक हाताची पकड घरी करता येते. दोन कागदी कप एकात एक घाला आणि दोन्हींची खालची अर्धी बाजू एकदमच कापून टाका. बारा सेंटिमीटरचे तीन दोरे घ्या. प्रत्येकाचं एक टोक आतल्या कपाला आतून, कापलेल्या कडेजवळ, चिकटपट्टीनं लावा आणि दुसरं बाहेरच्या कपाला बाहेरून. तिन्ही दोरे सारख्या अंतरावर हवेत. आत पेन्सिल धरून बाहेरचा कप फिरवा, दोरे तिच्याभोवती आवळतील. एखादा दोरा आखूड राहिला तर तो आधी ताणला जातो आणि पेन्सिल एका बाजूला सरकते. अशा वेळी कप न बदलता त्याच दोऱ्याचं बाहेरचं टोक सोडून थोडं सैल करून परत चिकटवावं.