नातीच्या गालावरचे चट्टे

प्रश्न : डॉक्टरताई, माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या दोन्ही गालांवर पांढुरके चट्टे आलेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पिटिरायसिस अल्बा' आणि खाली 'एटॉपिक' लिहिलंय. शेजारीण म्हणते, 'सफेद दाग' आहेत. आमचे हे म्हणतात, कॅल्शियम कमी पडतंय. सून इतकी घाबरलीय की पोरीला वाढदिवसालाही कुठे पाठवत नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, लावू का?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, आधी सुनेला जवळ बसवून सांगा, चिठ्ठीवरचं नाव कोडाचं नाही. कोडाला आम्ही व्हिटिलिगो लिहितो. पिटिरायसिस म्हणजे कोंड्यासारखा बारीक पापुद्रा, अल्बा म्हणजे पांढरा. नातीला खिडकीपाशी उजेडात बसवून बघा. चट्टा फिका असेल, पण पांढराफटक नाही. कडा आजूबाजूच्या रंगात विरून जाते, हात फिरवला की किंचित खरखरीत लागतं. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा, कडा ठळक आणि वर गुळगुळीत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भोवतालचा गाल रापतो, चट्टा तितका रापत नाही, म्हणून तो वाढल्यासारखा वाटतो. कॅल्शियमचा इथे संबंध नाही.

'एटॉपिक' म्हणजे ॲलर्जीची प्रकृती. घरात कुणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा कोपराच्या लवणीत खाजरा इसब असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

ती ट्यूब मात्र लावू नका. अशा ट्यूबवर बारीक अक्षरात 'क्लोबेटासोल' लिहिलेलं असतं बऱ्याचदा. ते जहाल स्टिरॉइड आहे. लेकरांच्या गालावर ते लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. नायट्यावर लावलं तर खाज थांबते आणि बुरशी पसरतच राहते. विनाचिठ्ठी ही ट्यूब हातात ठेवतात, याचा मला मनापासून संताप येतो. तुमच्या डॉक्टरांनी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोड्या दिवसांसाठी लिहिलं असेल, तर ते बिनधास्त लावा.

बाकी काय, डाळीच्या पिठाने चेहरा घासणं बंद. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर किंवा साधं व्हॅसलिन लावा, उन्हात टोपी घाला. रंग भरायला काही महिने लागतात, कधी वर्षही. आणि पोरीला वाढदिवसाला पाठवा, हे कुणाला लागत नाही.

चट्टा दुधासारखा पांढरा झाला, कडा उठून गोल चकती दिसू लागली किंवा कापूस फिरवल्यावर तिथे स्पर्श कळेना, तर मात्र थांबू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा, आपल्या इंदूरच्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे.