मुघल मुरक्क्यासारखं (मुरक्का म्हणजे लिखाण-चित्रांचे तुकडे बसवलेला संग्रह) नस्तालीक, म्हणजे फारसी सुलेखनाच्या एका शैलीतलं, पान हातकागदावर लिहिताना शाई का फुटते, आणि तिरप्या ओळी सरळ कशा येतात?

तुमचा कागद कच्चा आहे. बोरू आणि हात यांच्याकडे नंतर वळू.

हातकागद, अगदी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा असला तरी, जसा मिळाला तसा नस्तालीकला चालत नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर शाईही तशीच तंतूंत पसरणार आणि केसासारखी बारीक टोकं जाडी होणार. फारसी कारागीर कागदाला ‘आहार’ देत (जेवणाचा नव्हे, खळीचा). गव्हाची पातळ खळ दोन्ही बाजूंना लावा आणि पूर्ण वाळू द्या. अंड्याचा पांढरा बलक तुरटीचा खडा फिरवत फेसून घ्या, फेस बसला की गाळा आणि त्याचे दोन हात द्या. वाळल्यावर अकीक किंवा गुळगुळीत शंखाने गुळगुळीत पाटावर घोटा. घोटायला फार दिवस थांबलात तर पांढऱ्या बलकाचा थर कडक होऊन चिरतो. घोटलेला कागद काही महिने मुरू दिला तर उत्तमच. अशा कागदावर शाई वरच राहते, बोरू अडखळत नाही आणि चुकलेलं अक्षर ओल्या बोळ्याने टिपता येतं.

शाईचं जुनं फारसी प्रमाण पद्यातच आहे: काजळीइतकंच हिराकस (लोहाचा क्षार), त्या दोघांइतकं मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ), तिघांइतका डिंक, आणि मग दंडातला जोर. म्हणजे १:१:२:४. शेवटची अट थट्टेची नाही. काजळी तेलकट असते, थेट पाण्यात टाकली तर तरंगत राहते. आधी दाट डिंकात तासन् तास खलावी लागते. सरावाला मी फक्त काजळी आणि डिंकच सुचवेन, कारण हिराकसाची शाई आम्लधर्मी असते आणि वर्षांनी कागद खाते. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा ठेवा. बोरू जास्त शाई उचलत नाही आणि टोकही तळावर आपटत नाही.

आता तिरप्या ओळी. चार तिरप्या ओळींच्या या मांडणीला चलीपा म्हणतात. हात तिरपा करायचा नाही, कागद फिरवायचा. लिहिणाऱ्याला ओळ आडवीच दिसली पाहिजे. रेघा पेन्सिलने मारू नका. पुठ्ठ्यावर ओळींच्या अंतराने दोरे ताणून शिवा (हा मिस्तर), त्यावर कागद ठेवून अंगठ्याने दाबत न्या. उमटलेला उंचवटा पुरेसा असतो आणि लिहून झाल्यावर घोटलं की दिसेनासा होतो. अक्षराचं माप टिंबात: बोरूच्या पूर्ण रुंदीने टेकवलेलं चौकोनी टिंब हे एकक, आणि अलिफ (पहिलं, उभ्या रेघेचं अक्षर) साधारण ३ टिंबं उंच. लिहायला बसताना आधी कोपऱ्यात टिंब टेकवा. त्याच्या कडा फाटक्या आल्या तर बोरू पुन्हा तासा, पुढे जाऊ नका.

बरेच जण इथे फसतात: मुरक्क्याचं पान एका कागदावर घडत नाही. लिखाणाचा तुकडा वेगळा, हाशिया (भोवतीचा समास) वेगळा. शब्दांभोवती ढगांसारखी रेघ काढून बाहेरची जागा सोन्याने भरतात, तुकडा कापतात, वस्लीत, म्हणजे कागदाचे थर चिकटवून केलेल्या जाड पानात, बसवतात आणि सांध्यावरून जदवल, म्हणजे रंगीत व सोनेरी रेघांची चौकट, आखतात. ती चौकट शोभेची आहेच, पण सांधाही झाकते. जहांगीराने हेरातच्या सुलेखनकार मीर अलीच्या, म्हणजे आधीच्या शतकातल्या लिखाणाचे तुकडे असेच नव्या हाशियांत बसवून घेतले. त्याच्या गुलशन मुरक्क्याचा मोठा भाग तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातल्या एका पानाच्या हाशियात तर कागद घोटणारा आणि जिल्दसाज (पुस्तक बांधणारा) आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. त्यांची बसण्याची ढब नीट बघा. घोटताना जोर मनगटातून नाही, खांद्यातून येतो.

जदवलीत हिरवा हवा असेल तर जंगार, म्हणजे तांब्याचा गंज, वापरू नका. जुन्या पोथ्यांत या हिरव्या रेघेखालचा कागद तपकिरी होऊन तुटतो आणि मधला मजकूर खिडकीसारखा सुटून हातात येतो. तांब्याची क्रिया पाठच्या पानापर्यंतही पोहोचते. नीळ आणि पिवळा मिसळून केलेला हिरवा थोडा मंद दिसेल, पण चालेल.

सोनं सगळ्यात शेवटी घोटा, आणि मधे पातळ कागद ठेवून. पिवळं बोटाला लागलं तर सोन्यात मिसळलेलं सरेस कमी पडलं. घोटूनही चकाकत नसेल तर जास्त झालं.